हौशे, नवशे, गवशे आणि पळणारे

पळायला लागलेल्या माणसाला नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "कितवा आलास?" आणि दुसरा, "मग मिळालं काय?" यावर "चारशे बारावा आलो, आणि एक पदक मिळालं, ते सगळ्यांनाच देतात" असं उत्तर दिलं की पंगतीतले काका घास हातात धरून थांबतात. "म्हणजे तू पैसे भरून पळतोस?" हो काका, पैसे भरून पळतो :)

काकांचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. पळायचं कशासाठी, हौसेसाठी की पैशांसाठी, यावरून जगात दीडशे वर्षं भांडणं झाली आहेत. लोकांची पदकं काढून घेतली गेली आहेत. हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मागच्या हिवाळ्यात एका शर्यतीनंतर पोहे खाताना कानावर पडलेलं एक वाक्य. आमच्याच वयाचे, चांगल्या नोकरीतले एक गृहस्थ म्हणाले, "ही भरतीची पोरं दर रविवारी बक्षिसाच्या मागे गावोगाव हिंडतात. हौशी लोकांच्या शर्यतीत यांना घ्यायलाच नको."

आता भरतीची पोरं म्हणजे कोण, हे आमच्या संभाजीनगरात (म्हणजे आधीच्या औरंगाबादेत) सकाळी साडेपाचला मैदानावर जाणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. त्यासाठी खेड्यापाड्यांतून आलेली, खोली करून राहणारी, सकाळी मैदान आणि दिवसभर अभ्यासिका असं आयुष्य काढणारी ही मुलं. गरखेड्याचं क्रीडा संकुल घ्या, विद्यापीठाचा परिसर घ्या, गोगाबाबा टेकडीचा रस्ता घ्या, ती सगळीकडे दिसतात. आपण दमून कमरेवर हात ठेवून उभे असतो आणि ती शेजारून वाऱ्यासारखी जातात.

जत्रेला तीन प्रकारची माणसं येतात असं आपल्याकडे म्हणतात. हौशे, नवशे आणि गवशे. हौसेसाठी आलेले, नवस फेडायला आलेले आणि काही गवसतंय का ते बघायला आलेले. शर्यतीलाही हीच तीन माणसं येतात. प्रश्न एवढाच की यांतला खरा पळणारा कोण?

इंग्रजांनी या प्रश्नाचं उत्तर फार सोपं करून टाकलं होतं. 'अॅमॅच्युअर' हा शब्द मुळात लॅटिनमधल्या प्रेम करणे या अर्थाच्या धातूवरून आलेला. प्रेमापोटी करतो तो अॅमॅच्युअर. आपला 'हौशी' त्याच्या बराच जवळ जातो. पण १८६० च्या दशकात लंडनच्या अॅमॅच्युअर अॅथलेटिक क्लबने या शब्दाची जी व्याख्या केली तिच्यात प्रेमाचा पत्ता नव्हता. पैशाच्या बक्षिसासाठी धावलेला माणूस बाद, हे एक. पण त्याशिवाय कारागीर, यंत्रावर काम करणारा आणि मजूर, हेही बाद! म्हणजे हाताने काम करून पोट भरणारा माणूस कधीही एक पैसा न घेता धावला असला तरी तो हौशी नव्हे. १८८० मध्ये नवी संघटना निघाली तेव्हा मजुरांवरची बंदी गेली, पैशांवरची मात्र राहिली.

ती किती कडक होती? जिम थॉर्प या मूळनिवासी अमेरिकन खेळाडूने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकली. त्याआधी तो सुट्टीत किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता हे कळल्यावर १९१३ मध्ये ती काढून घेतली. फिनलंडचा पावो नुर्मी, नऊ ऑलिंपिक सुवर्णपदकांचा धनी, १९३२ मध्ये लॉस एंजलिसला मॅरेथॉन धावायला निघाला होता. प्रवासखर्चाच्या नावाखाली जास्त पैसे घेतल्याचा ठपका ठेवून त्याला धावूच दिलं नाही.

आपल्याकडे धावण्याचा इतिहास बरोबर उलटा आहे. मराठेशाहीत पत्रं नेणारे जासूद जोडीने निघायचे, कासीद मजल दरमजल करत शेकडो कोस जायचे. लांब धावणं ही हौस नव्हती, ती नोकरी होती. पुढे इंग्रजांच्या टपालातही हरकारे थैली खांद्यावर टाकून धावतच होते. हौस म्हणून पळणारा माणूस तेव्हा कुणी पाहिला असता तर त्याला देवाला नारळ फोडायला नेलं असतं.

आणि तरीही आपला पहिला मॅरेथॉनवीर या हौशीपणाच्या दारातूनच आत गेला. ती गोष्ट पुण्याची. डेक्कन जिमखाना १९०६ साली स्थापन झाला. १९१९ मध्ये सर दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष झाले आणि तिथल्या मैदानी स्पर्धा पाहायला गेले. त्यांना दिसलं ते असं: बहुतेक स्पर्धक शेतात राबणारी, साध्या अन्नावर वाढलेली, अनवाणी पोरं. युरोपातले नियम त्यांना ठाऊक नव्हते. मैदान इतकं लहान आणि ओबडधोबड की शंभर यार्डांची शर्यतसुद्धा वळण घेऊन पळायची, तीही दोऱ्या न आखता. आणि असं असूनही काहींच्या वेळा घड्याळात पाहिल्या तर त्या युरोप-अमेरिकेच्या वेळांशी तुलना करण्यासारख्या. दोराबजींनी नंतर १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात हे सगळं नोंदवलं आहे.

पळणारे होतेच. नव्हतं ते घड्याळ, मोजलेलं अंतर आणि कुणीतरी बघणारं. ते मिळाल्यावर वर्षभरात काय झालं बघा. १९२० मध्ये पुण्यात निवड झाली, खर्चाचा मोठा भाग दोराबजींनी उचलला, आणि संघ बोटीने आधी इंग्लंडला सरावासाठी आणि मग बेल्जियममधल्या अँटवर्पला गेला. त्यात बेळगावकडचे फडेप्पा दारेप्पा चौगुले होते, सदाशिव दातार होते, आणि नवले व शिंदे हे मल्लही होते.

२२ ऑगस्ट १९२० ला मॅरेथॉन झाली. अंतर होतं ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या ४२.१९५ पेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. ऑलिंपिकच्या इतिहासातली ही सगळ्यात लांब मॅरेथॉन. फिनलंडचा हानेस कोलेहमायनेन २ तास ३२ मिनिटं ३५.८ सेकंदांत जिंकला. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पोचले आणि एकोणिसावे आले.

एकोणिसावा म्हणजे काय, असं पंगतीतले काका विचारतील. पळणाऱ्या मंडळींनी हिशोब करावा. किलोमीटरला चार मिनिटांच्या किंचित आत, आणि तेही बेचाळीस पूर्णांक तीन चतुर्थांश किलोमीटर सलग. आजच्या अंतराला हाच वेग धरला तर पावणेतीन तासांच्या थोडं वर. गादीवाले बूट, मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ, दर दोन किलोमीटरला पाणी, हे सगळं असलेला आजचा हौशी धावपटू तीन तासांच्या आत आला तर चार वर्षं तेच सांगत फिरतो.

मग आजचा हौशी धावपटू, म्हणजे माझ्यासारखा चाळिशीनंतर पोट सांभाळत निघालेला, हा कुठून आला? त्याचं मूळ बऱ्याच अंशी न्यूझीलंडमध्ये आहे. आर्थर लिडियार्ड हा तिथला बुटांच्या कारखान्यात काम करणारा माणूस. आपला दम तपासायला तो एकदा मित्राबरोबर पळाला आणि पार धापा टाकू लागला. मग त्याने स्वतःवरच प्रयोग सुरू केले. आठवड्याला शंभर मैल, पण बेताच्या वेगाने. आधी पाया घाला, वेग नंतर. त्याच्या शेजारपाजारची पोरं हे करून १९६० च्या रोम ऑलिंपिकला गेली, आणि पीटर स्नेल व मरे हॅलबर्ग यांनी एकाच दिवशी दोन सुवर्णपदकं आणली. त्यानंतर त्याने हीच पद्धत हृदयविकार झालेल्या, सुटलेल्या वयस्कर माणसांना लावली. १९६२ मध्ये अमेरिकेचे प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे गेले, हे पाहून चकित झाले आणि 'जॉगिंग' घेऊन घरी परतले. तिथून ते जगभर पसरलं. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली आणि पाठोपाठ आपल्याकडच्या गावागावांतही शर्यती आल्या.

थोडक्यात, जुन्या व्याख्येत जो बसला नसता अशा एका कारखान्यातल्या कामगाराने जगाला हौशी पळायला शिकवलं.

त्याचा तो पाया माझ्याही कामी आला. सुरुवातीला दोन विजेच्या खांबांमधलं अंतर पळायचो, पुढचे दोन चालायचो. तीन महिन्यांनी पाच किलोमीटर न थांबता. वर्षाने दहा, सव्वा तासात. पहिली अर्धमॅरेथॉन दोन तास वीस मिनिटं आणि पाच वर्षांनी एक तास बावन्न. आता शर्यतीत पुढच्या माणसाचं वय बघून पळतो, हा माझ्याच गटातला का म्हणून. म्हणजे स्पर्धा आली! ही सगळी प्रगती घड्याळामुळे, आणि खरं सांगायचं तर मैदानावरच्या त्या भरतीच्या पोरांमुळे झाली. "काका, खांदे सैल सोडा" हे मला पहिल्यांदा त्यांच्यातल्याच एकाने सांगितलं.

तर आता गवशे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात मांडवा नावाचं गाव आहे. तिथला अविनाश साबळे, आईवडील कष्टकरी, शाळा काही किलोमीटर लांब. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये गेला, कारण घराला नोकरी हवी होती. सियाचीनला राहिला, राजस्थानात राहिला. सैन्यातल्या क्रॉसकंट्री शर्यतीत तो पळायला लागला तो २०१५ मध्ये, विशीत. २०१८ ला भुवनेश्वरमध्ये त्याने ३००० मीटर स्टीपलचेसचा गोपाळ सैनींचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीची अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत, म्हणजे किलोमीटरला २ मिनिटं ५२ सेकंद. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, ज्या शर्यतीची तिन्ही पदकं १९९८ पासून दर खेपेला केनियाच घेऊन जात होता. २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिंपिकची अंतिम फेरी. नोकरीच्या शोधात निघालेला मराठवाड्यातला मुलगा कुठे जाऊ शकतो त्याचं हे उत्तर.

आणि नवशे. २०१० च्या दशकात बारामतीच्या शर्यतीत साठी ओलांडलेल्या लता भगवान करे धावल्या. शेतमजुरी करणाऱ्या, नऊवारी लुगडं, पायात काही नाही. नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवे होते आणि ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीला पाच हजारांचं बक्षीस होतं. त्या जिंकल्या. पुढेही जिंकल्या. त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं, आणि ६७व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला.

इंग्लंडच्या त्या जुन्या व्याख्येने लताबाई किती वेळा बाद झाल्या असत्या? मजूर म्हणून एकदा. पैशासाठी धावल्या म्हणून दुसऱ्यांदा. आणि बाई म्हणून तिसऱ्यांदा, कारण बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली तीच मुळी १९८४ साली. नवऱ्यासाठी अनवाणी पळालेली बाई प्रेमापोटी पळाली नाही असं ज्या व्याख्येने ठरतं, ती व्याख्याच रद्द करायला हवी. तशी ती झालीही. जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने २००१ मध्ये आपल्या नावातूनच अॅमॅच्युअर हा शब्द काढून टाकला.

पोहे खाणाऱ्या त्या गृहस्थांचा मला राग नाही. वयोगट वेगळे असावेत, बक्षिसं वेगळी असावीत, हे मलाही पटतं. पण "यांना घ्यायलाच नको" हे वाक्य नवीन नाही, आणि ते नेहमी त्याच लोकांनी म्हटलंय ज्यांना बक्षिसाची गरज नव्हती. माझं प्रवेशशुल्क मी सहज भरतो. त्या मुलांपैकी कित्येकांना ते तीनदा मोजून भरावं लागतं. मग हौस जास्त कुणाची म्हणायची?

असो, फार लांबलं. ज्यांना हे सगळं पुस्तकी वाटलं असेल त्यांच्यासाठी एक सोपा प्रयोग. उद्या सकाळी जवळच्या मैदानावर जा आणि फक्त एक किलोमीटर चार मिनिटांत पळून बघा. जमलं तर उत्तमच. मग दम खाताना मनात आणा, १९२० मधला बेळगावकडचा एक माणूस याच वेगाने अजून पावणेबेचाळीस किलोमीटर पुढे गेला होता. आणि हो, मैदानावर भरतीची पोरं असतीलच. त्यांना विचारा, ती बरोबर पळतील.