सिद्धनाथ (नामव्याप्ती)
माणदेशाचे लोकदैवत, काळभैरवाचे रूप. मुख्य स्थान माणगंगेकाठी म्हसवड (ता. माण, जि. सातारा), येथे पत्नी जोगेश्वरीसह पूजा. दुसरे मोठे ठाणे सांगली जिल्ह्यातील खरसुंडी (ता. आटपाडी). म्हसवडला तुळशीविवाहाच्या सुमारास देवाचे लग्न लागते आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला रथयात्रा निघते. ‘सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं’ हा तिचा गजर.

दैवतांची, वीरांची नावे इतर गोष्टींनाही दिली जातात. ग्रीक वीर हर्क्युलिसचे नाव सायकलीला, विमानालाही मिळाले; ते केवळ बळाची खूण म्हणून. सिद्धनाथाचे नाव मात्र श्रद्धेनेच ठेवले जाते : मुलांना, दुकानांना, ट्रकच्या कपाळावर. म्हसवडचे हायस्कूल याच नावाचे. सोलापूरजवळ तिऱ्हे येथील साखर कारखानाही सिद्धनाथ. दुष्काळी माणदेशातून पोटासाठी परगावी गेलेल्यांनी हे नाव सोबत नेले, हे त्याच्या प्रसाराचे मोठे कारण मानावे लागेल.