बेघर तेवढे वाचले

माणसामाणसांतला संवाद मोबाईलने संपवला, असे आपण सहज म्हणतो. ही भीती मोबाईलपेक्षा फार जुनी आहे. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाची ‘द मशीन स्टॉप्स’ ही विज्ञानकथा १९०९ सालची आहे. तिच्यात माणसे जमिनीखाली एकेकट्या खोल्यांत राहतात आणि सगळे काही यंत्र पुरवते. वाष्टीच्या ओळखी हजारोंशी आहेत, पण पोटचा मुलगा कुनो ‘प्रत्यक्ष भेटायला ये’ म्हणतो, तेव्हा तिला ते नकोसे होते. प्रवासात तिचा तोल जातो. सेविका हात देऊन सावरते, तर वाष्टी संतापते. सेविका माफी मागते, ती पडू दिले नाही म्हणून!

मित्रांनो, स्पर्श झाला म्हणून माफी! फॉर्स्टरने कल्पिलेले भविष्य आपले पूर्वज जगत होते. १९२० साली ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली : एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि जिना कुठेच नाही. इथे यंत्र लागले नाही, धर्मशास्त्र पुरले.

कथेत शेवटी यंत्र बंद पडते, आतले सारे मरतात. मरताना कुनो आईला सांगतो, शिक्षा म्हणून बाहेर हाकललेले ‘बेघर’ वर जिवंत आहेत. माणूस उरला तो बहिष्कृतांत!

तो वारसा आपला आहे. पण ग्रुपवर ‘जय भीम’ टाकून आपणही खोलीतच बसणार असू, तर वाष्टीत आणि आपल्यात फरक काय? शेजारच्या वस्तीत शेवटचे कधी गेलो होतो, हे प्रत्येकाने आठवून पाहावे.