गादी पिंजाई
गादी पिंजाई : वापराने दबलेल्या गादीतील कापूस मोकळा करून ती पुन्हा भरण्याचा व्यवसाय. तो परंपरेने पिंजारी (नद्दाफ, मन्सुरी) समाजाकडे आहे. शरीराचा भार व घामाचा ओलावा यांमुळे कापसाचे तंतू गुंतून गुठळ्या होतात. त्यांतील हवा निघून गेल्याने गादीला खळगे पडतात. पिंजारी खोळ उसवून कापूस उन्हात टाकतो व पिंजणाच्या तातीवर लाकडी ठोकळ्याने आघात करतो. तातीच्या कंपनांनी तंतू सुटे होतात व धूळ झडते. ती श्वासावाटे पिंजाऱ्याच्या फुप्फुसांत जाते. घट भरून काढण्यासाठी थोडा नवा कापूस घालतात आणि तो सरकू नये म्हणून जागजागी टाके घालतात.

बृहन्मुंबईत अंधेरी व घाटकोपर (१९५०) आणि बोरिवली व मुलुंड (१९५७) ही उपनगरे समाविष्ट झाल्यानंतर तेथील वस्ती झपाट्याने वाढली. चाळींच्या व गृहसंस्थांच्या अंगणांत फिरते पिंजारी हे काम करीत. पुढे विजेची पिंजणयंत्रे आणि काथ्याच्या व फोमच्या गाद्या आल्याने त्यांचे काम घटले. कापसाची गादी पिंजून पुनःपुन्हा वापरता येते. बसलेला फोम मात्र बदलावाच लागतो. त्यामुळे पिंजाऱ्याच्या रोजगाराबरोबर घरातील जुनी वस्तू सुधारून वापरण्याची रीतही मागे पडली.