तोरणाखालचा मान

पोळ्याच्या दिवशी गावातल्या सगळ्या जोड्या एका तोरणाखाली खेटून उभ्या असतात, तरी बैलांची झुंज सहसा लागत नाही. लागलीच तर ती कासरे धरणाऱ्यांमध्ये लागते.

बैल निवांत असतो त्याचं कारण साधं आहे. त्याच्यातला नर आधीच काढून घेतलेला असतो. वयात आलेले दोन गोऱ्हे समोरासमोर आले की आधी अंग आडवं करून उभे राहतात, म्हणजे आपण केवढे आहोत ते दाखवतात. मान खाली जाते, खूर माती उकरतो, नाकातून फुत्कार निघतो. बहुतेक वेळा प्रकरण इथंच मिटतं. एक जण मान वळवून बाजूला होतो आणि पुढं हौदावर पाणी पितानाही दुसऱ्याच्या मागं थांबतो. दोघंही हटले नाहीत तरच शिंगाला शिंग भिडतं. कोंबड्यांमधली अशी उतरंड नॉर्वेच्या थोरलेफ शेल्डरूप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रीय पद्धतीनं मांडली. हल्ली शहरातल्या फ्लॅटात पाळतात त्या इवल्याशा गिनीपिगच्या दोन नरांचंही हेच चालतं. घरघरत, ढुंगण डोलवत ते एकमेकांभोवती फिरतात, दात वाजवतात आणि कुणीतरी माघार घेतो. जर्मनीतल्या नॉर्बर्ट झाक्सर यांच्या प्रयोगांत एक गमतीची गोष्ट आढळली. मोठ्या नरांच्या संगतीत, भरल्या कळपात वाढलेला गिनीपिग अनोळखी कळपात निमूट सामावून जातो. ज्याला अशी संगत लाभलेली नसते, तो मात्र भांडणं ओढवून घेतो आणि त्या ताणानं खंगतो.

वऱ्हाडातल्या काळ्या, चिकट जमिनीत गोऱ्ह्यांची असली नाटकं परवडणारी नव्हती. एका जुवाखाली दोन नर एका चालीनं चालले तरच वखर सरळ जाणार. म्हणून गोऱ्हा अंगानं भरला की त्याला बडवत. जुनी रीत म्हणजे अंडाच्या शिरा ठेचून काढणं. ती किती क्रूर होती हे वेगळं सांगायला नको. पुढं बर्डिझोचा चिमटा आला आणि जनावराचे हाल जरा कमी झाले. कळपासाठी एखादा सांड राखला जाई. कुणाच्या नावानं डागून सोडलेला असेल तर तो कुणाच्याही शेतात तोंड घाले आणि त्याला हाकलताना लोक हात जोडत. बाकी सगळी बैलजात समजूतदार.

आणि याच समजूतदार जनावरांच्या आडून माणसांनी आपली उतरंड उभी केली.

रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यात कुणब्यांविषयी लिहिताना पोळ्याचं वर्णन आलं आहे. सर्वांत पुढं एक म्हातारा बैल, शिंगांवर लाकडी मखर, मखराला पेटते पलिते. हा बैल आंब्याच्या पानांचं तोरण तोडून गावाकडं धावत सुटतो आणि बाकीची जनावरं त्याच्या मागं. मखराचा बैल तीन वर्षांच्या आत मरतो असा समजही तिथं नोंदवला आहे. मान मालकाचा आणि आयुष्य बैलाचं, असा हा व्यवहार! मखरामागं गावच्या मालकांचे बैल आणि त्यांच्यामागं कुळांचे. या कुळांचा क्रम पैशावर फारसा ठरत नसे. घराण्याची गावातली जुनी जागा त्यात पाहिली जाई. आपल्याला योग्य जागा मिळाली नाही तर कुणब्याला ते फार झोंबतं, असंही लेखक सांगतात.

वर्णनातले ते मालक म्हणजे नागपूरकडचे मालगुजार. वऱ्हाडात रयतवारी असल्यामुळं अमरावती-अकोल्याच्या गावांत पहिला मान पाटलाचा. पण तंटा तोच. मराठी मुलखात तो त्याहून पुष्कळ जुना आहे. पाटिलकी विकली किंवा भावाभावांत वाटली गेली की जमिनीच्या जोडीनं मानपानाचीही वाटणी कागदावर चढे. होळीची पोळी कुणाची, शिरपाव आधी कुणाला, पोळ्याचे बैल कुणाचे पुढं. अशा जागेसाठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या भांडत. वरवर पाहता हा पोरकटपणा वाटतो, पण तसा तो नव्हता. सगळ्या गावासमोर वर्षातून एकदा ज्याची जोडी पुढं उभी राहिली, त्याचा हक्क चालू असल्याची साक्ष साऱ्या गावानं पाहिलेली असे. रांगेच्या शेपटाशी कोण, हेही जातीनं आधीच ठरवलेलं असे.

या चौकटीला एकोणिसाव्या शतकात कापसानं धक्का दिला. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली आणि तिथला कापूस अडला. इकडं भाव चढले. त्याच दशकात रेल्वे अकोला, बडनेरा करत १८६७ ला नागपूरला पोहोचली. कालपर्यंत कर्जात बुडालेल्या घरांच्या हाती पैसा खेळू लागला आणि त्यातून बैल आले. आता एखाद्या नव्या शेतकऱ्याची जोडी पाटलाच्या जोडीपेक्षा देखणी दिसू लागली. शिंगांना हिंगूळ, बेगड, कपाळाला बाशिंग, पाठीवर नवी झूल, गळ्यात घागरमाळा, सगळं काही. तरीही तिची जागा मागंच. अर्ध्या शतकानंतरच्या त्या ग्रंथातही क्रम घराण्याचाच सांगितला आहे, यावरून कापसाच्या पैशाला तोरणापाशी फारशी किंमत आली नाही असंच म्हणावं लागतं.

मागं उभ्या असलेल्यांकडं एक हत्यार मात्र होतं, ते म्हणजे झडती. तोरणाखाली बैल उभे असताना कुणीतरी पुढं होऊन यमक जुळवत खड्या आवाजात झडती म्हणतो, शेवटी ‘हर हर महादेव’चा गजर होतो, लगेच दुसऱ्या बाजूनं तिला उत्तर येतं. तिच्यात महादेव-पार्वती असतात, तसेच सावकार, सरकार, कापसाचा भाव आणि पाटीलही असतात. त्या दिवशी कुणाला टोला बसला तरी त्यानं तो हसून घ्यायचा असतो.

ज्यांच्यासाठी हा सण, त्यांचा दिवस खरं तर आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. खांदमळणी असते. जुवानं घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि तूप चोळतात आणि बैलाच्या कानाशी सांगतात, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ हे करणारा हात बहुधा सालदाराचा. वर्षभर त्यानंच वैरण टाकलेली असते. पोळा फुटला की तोच जोडी घरोघर नेतो, बैल ओवाळले जातात आणि त्याच्या हातावर बोजाऱ्याचे पैसे पडतात. रांगेतली जागा त्यानं कधी ठरवली नाही.

१९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानंतर पोलीस पाटील सरकार नेमू लागलं. कारभार घराण्याकडून सुटला, पण तोरणाखालचा मान बऱ्याच गावांत घराण्याकडंच राहिला, कारण तो कुठल्या कायद्यानं दिलेलाच नव्हता. शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीचं, तसं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटात जोडी धावते आणि घड्याळ बोलतं, घराण्याला तिथं कुणी विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली आणि राज्यानं केलेली कायद्यातली दुरुस्ती मे २०२३ मध्ये वैध ठरवली.

मधल्या काळात बैलच कमी झाले. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांच्या दरम्यान देशातल्या गोवंशातले नर सुमारे ३० टक्क्यांनी घटले. नांगरट ट्रॅक्टरनं होऊ लागली तसे गोठे रिकामे होत गेले, मोठ्या घरांचेही. मानाच्या घरानंच बैल विकले असतील तर पोळ्याला जोडी उसनी आणावी लागते. अशा वेळी पुढं उभे राहतात शेजाऱ्याचे बैल, आणि मानाचा नारळ मात्र येतो मानाच्या घरच्या धन्याकडं.