बार्शी लाईट : व्हर्जन १ की व्हर्जन २?

गेल्या शनिवारी सोलापूरला घरी होतो. बऱ्याच दिवसांपासून बार्शी लाईट रेल्वेच्या इंजिनाचं मॉडेल करायचं डोक्यात आहे. रूळांचा प्रश्न नाही. मूळ गेज अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिमी. १:८७ च्या प्रमाणात ते पावणेनऊ मिमी होतं, आणि बाजारात ९ मिमीचे रूळ तयार मिळतात. अडलंय ते इंजिन कुठलं यावर!

पहिला उमेदवार १८९७ चा. त्या वर्षी बार्शी रोड (म्हणजे आपलं कुर्डुवाडी) ते बार्शी गाडी सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा तिचा कर्ताकरविता इंजिनिअर. (याच माणसाने पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं.) त्याने एकच नियम घातला: इंजिन असो की डबा, एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त वजन नको. तसं केलं की हलके, स्वस्त रूळ चालतात. लीड्सच्या किटसन कंपनीने त्यासाठी ०-८-४ टँक इंजिन बांधलं. एकूण ६ आस, म्हणजे फार तर ३० टन, आणि ओढणारी चाकं आठ. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला 'लोड बॅलन्सिंग' म्हणतो ते हेच की! कोळसा-पाणी इंजिनाच्याच अंगावर.

दुसरा उमेदवार नंतरचा. लाईन १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरजेला पोचली. एकूण सव्वातीनशे किलोमीटर. १९२० च्या दशकात २-८-२ इंजिनं आली, मागे वेगळा टेंडर जोडलेली. लांब पल्ल्याला कोळसा-पाणी जास्त लागणार, तेव्हा हे ओघानेच आलं.

माझं मत अर्थातच पहिल्याला. मूळ आर्किटेक्चर ते! जुना फोटो आईला दाखवला. आईचं माहेर बार्शी.

"हे कुठलं रे? आमच्या गाडीला मागे कोळशाची पेटी होती. आबा मला डब्यातून दाखवायचे."

आबा म्हणजे माझे आजोबा. दर आषाढीला पंढरपूरला जायचे ते याच गाडीने, कुर्डुवाडीमार्गे. मला ते आठवतही नाहीत. १९५४ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली, २००० नंतर टप्प्याटप्प्याने सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. आता ती गाडी आईच्या आठवणीतच उरलीय.

मग ठरवून टाकलं. टेंडरवालंच करायचं. कॅलथ्रॉपच्या इंजिनाचं कौतुक पुस्तकांतून झालंय, पुढेही होईल. आईला ओळखू येईल असं इंजिन मात्र आत्ताच करायला हवं. तिने यंदा पंचाहत्तरी ओलांडली.

टेंडरचा रंग कुठला होता, हे विचारायचं राहिलंच. उद्या फोन करतो.