विल्बरी हाऊस आणि पुणें दरबाराचें चित्र

विल्टशायरांतील विल्बरी हाऊस हें घर विल्यम बेन्सन यानें १७१० च्या सुमारास बांधिलें. पेशव्यांकडील इंग्रज वकील सर चार्ल्स मॅलेट स्वदेशीं परतल्यावर पुढें तेथें राहिला. चित्रकार जेम्स वेल्स याची कन्या सुसॅना ही त्याची पत्नी. वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल यानें १७९० च्या तहाचा पुणें दरबार रंगविला. तें चित्र १८०५ त पुरें झालें.

संग्राहक तें प्रत्यक्षदर्शी साधन समजतील. पण वेल्स पुण्यास १७९२ त, म्हणजे तहानंतर, आला आणि डॅनियलनें तो प्रसंग पाहिलाच नव्हता. सवाई माधवराव व नाना फडणीस यांना मात्र वेल्सनें समोर बसवून रंगविलें होतें. सबब चेहरे प्रमाण मानावे. प्रसंगाची मांडणी मॅलेटच्या पत्रांशीं ताडून मगच स्वीकारावी, असें आमचें मत आहे.