फॉर्स्टरची राई आणि महानगराच्या काठावरचे खेडे

‘अ पॅसेज टू इंडिया’ ही कादंबरी १९२४ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेत तिचा चांगला खप झाला आणि त्या मानधनातून ई. एम. फॉर्स्टरने सरे परगण्यातील ॲबिंजर हॅमर या गावी, आपल्या घराजवळची एक छोटी राई विकत घेतली. तिचे नाव पायनी कॉप्स. १९२६ च्या ‘माय वुड’ या निबंधात त्याने या खरेदीचे स्वतःच्या मनावर झालेले परिणाम सांगितले आहेत. मालकी माणसाला जड करते. आपली हद्द थोडी आणखी पुढे असावी असे त्याला वाटू लागते. वाटसरूंनी तोडून नेलेली ब्लॅकबेरीची फळेही त्याला खुपू लागतात. हा निबंध मालमत्तेवरचे नर्मविनोदी नीतिचिंतन म्हणून वाचला जातो. मात्र त्याच्या आरंभीच नोंदलेली वस्तुस्थिती, म्हणजे भारतावरची कादंबरी, अमेरिकन वाचक आणि इंग्रजी राई यांची सांगड, अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा निसटते. प्रस्तुत लेखाचा विषय ही सांगड आहे. महानगराच्या काठावरचे इंग्रजी खेडे ही वस्तू नेमकी काय आहे, हे तिच्यातून जितके स्पष्ट होते तितके निसर्गवर्णनांतून होत नाही.

‘खेडे’ हा शब्द येथे वापरताना थोडे अडखळायला होते. आपल्या मनातील खेड्यात कसणारा असतो, बलुतेदार असतात, गावकूस असते आणि कुसाबाहेरची वस्तीही असते. लंडनपासून सुमारे ४५-५० किलोमीटरवरच्या ॲबिंजरमध्ये चर्च आहे, हिरवळीचे मैदान आहे, टिलिंगबोर्न ही लहानशी नदी आहे. पण विसाव्या शतकात तेथे घर करणाऱ्या अनेकांचे उत्पन्न त्या मातीतून येत नव्हते. खुद्द फॉर्स्टरला स्वास्थ्य मिळाले ते आत्या-आजी मेरीअन थॉर्न्टन हिने १८८७ मध्ये मृत्युपत्राने ठेवलेल्या आठ हजार पौंडांमुळे, आणि थॉर्न्टन घराण्याचा पैसा हा लंडनच्या पेढीचा पैसा होता. १९२५ पासून तो आईसह ज्या घरात राहिला, ते वेस्ट हॅकहर्स्ट त्याच्या वास्तुविशारद वडिलांनी आपल्या बहिणीसाठी बांधले होते. जमीन मात्र भाडेपट्ट्याची होती. म्हणजे ज्याला आपण या खेड्याचा लेखक म्हणतो, तो तेथे आला तो वारसा, पेढी आणि पट्टा यांच्या वाटेने.

यावर असा आक्षेप घेता येईल, की हे विसाव्या शतकाचे वैगुण्य आहे. रेल्वेपूर्वीचे खेडे खरे खेडे होते. टिलिंगबोर्नचे खोरे या आक्षेपाला चांगले उत्तर देते. ॲबिंजर हॅमर या नावातला ‘हॅमर’ हा लोखंड ठोकणाऱ्या पाणघणाचा आहे. गावातील घड्याळावर लोहाराची आकृती आजही तास वाजवते. याच नदीवर खाली चिलवर्थ येथे १६२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने बंदुकीच्या दारूचा कारखाना उभारला, आणि मालक बदलत बदलत दारूचा तो उद्योग १९२० पर्यंत चालला. त्याच परिसरात बँकेच्या नोटांचा कागदही तयार होत असे. विल्यम कॉबेट १८२२ मध्ये येथून घोड्यावरून गेला. ‘रूरल राइड्स’मध्ये त्याने या खोऱ्याच्या सौंदर्याची मनापासून स्तुती केली आहे, आणि अशा जागी माणसाने दारू आणि नोटा निर्माण कराव्यात याबद्दल तितकाच संताप व्यक्त केला आहे. कॉबेटचा संताप समजण्याजोगा आहे. पण त्या संतापात एक गृहीतक दडलेले आहे. सौंदर्य हे खोऱ्याचे आणि दारू व नोटा मात्र बाहेरच्या, अशी वाटणी तो करतो. वस्तुतः नदीला उतार होता म्हणूनच गिरणी होती, आणि लंडन जवळ होते म्हणूनच गिऱ्हाईक होते. ज्या दारूने समुद्रापलीकडे व्यापाराची ठाणी राखली जात होती, ती कुटली जात होती या ‘निर्मळ’ पाण्यावर. १८४९ मध्ये या खोऱ्यातून रेल्वे धावू लागली तेव्हा खेड्याचे खेडेपण मोडले असे म्हणणे म्हणूनच कठीण आहे. जुनेच नाते तिने उघड्यावर आणले.

साहित्याने मात्र कॉबेटची वाटणी पुढे चालवली. ‘हॉवर्ड्स एंड’ या १९१० च्या कादंबरीत ती अत्यंत देखण्या रूपात येते. हर्टफर्डशर परगण्यात स्टीव्हनेजजवळच्या रुक्सनेस्ट या घरात फॉर्स्टरचे बालपण, १८८३ ते १८९३, गेले. कादंबरीतले घर या घरावर बेतलेले आहे. शेवटी गवताची कापणी चालू असते, आणि कुरणांपलीकडे लंडनची लाली सरकत येताना दिसते. ही प्रतिमा इतकी प्रभावी आहे की त्या घराचा खर्च कोणत्या पैशातून चालत आला, हे वाचक विसरतो. विल्कॉक्स कुटुंबाची श्रीमंती पश्चिम आफ्रिकेतील रबराच्या व्यापाराशी निगडित आहे. फॉर्स्टरने ती माहिती लपवलेली नाही. पण साम्राज्याचा ठपका त्याने विल्कॉक्सांवर, त्यांच्या मोटारीवर आणि घाईवर ठेवला. घराला आणि झाडाला त्यातून सोडवून घेतले.

या कादंबरीतला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग मला लेनर्ड बास्टचा वाटतो. शेतमजुरांचा हा नातू लंडनमध्ये कारकुनी करतो. एका शनिवारी तो विंबल्डनपर्यंत भुयारी रेल्वेने जातो आणि रात्रभर सरेच्या टेकड्यांतून चालत राहतो. पुस्तकांत वाचलेली पहाट त्याला भेटत नाही. भेटते ती करडी आणि थंड. दोन पिढ्यांपूर्वी मातीवरून हुसकला गेलेला माणूस मातीकडे परततो तो पाहुणा म्हणून, तोही रात्री, कारण दिवस कचेरीचा असतो. कादंबरीच्या शेवटी हॉवर्ड्स एंडच्या दिवाणखान्यात पुस्तकांचे कपाट अंगावर कोसळते आणि हृदय बंद पडून तो मरतो. घराचा वारसा त्याच्या मुलाकडे जाणार, असे सुचवून फॉर्स्टर समेट घडवतो. लेनर्डला स्वतःला मात्र त्या खेड्यात एक रात्रही काढता येत नाही.

पुढे ॲबिंजरमध्ये फॉर्स्टरने गावकऱ्यांच्या सहभागाने दोन इतिहासदर्शने रचली. १९३४ चे ‘ॲबिंजर पॅजेंट’ चर्चच्या निधीसाठी होते. निवेदक लाकूडतोड्या, संगीत राल्फ व्हॉन विल्यम्स यांचे, आणि शेवटी बंगले, हमरस्ते, पेट्रोलपंप व विजेचे मनोरे यांची धास्ती. १९३८ च्या ‘इंग्लंड्स प्लेझंट लँड’मध्ये तो अधिक खोल गेला. नासाची सुरुवात बंगल्यांपासून न करता त्याने ती सामायिक जमिनींच्या कुंपणबंदीपासून केली. ही प्रगती महत्त्वाची आहे. सुंदर ग्रामदृश्याचा पाया हाच हकालपट्टीचा आहे, हे येथे रंगमंचावर आले. तरीही ज्या १९३८ साली हे नाटक झाले, त्याच साली लंडनभोवतालच्या हरितपट्ट्याचा कायदा झाला. आणि दृश्य राखण्याची ही जी चळवळ आकाराला येत होती, तिचे नेतृत्व बहुतांशी बाहेरून येऊन गावात स्थायिक झालेल्या सुस्थित वर्गाकडे होते. राखलेल्या खेड्यात घराची किंमत वाढते, आणि वाढलेल्या किमतीला तेथल्या मजुराची मुले पुरी पडत नाहीत. कुंपणबंदीचे हे दुसरे आवर्तन ओळखू येत नाही, याचे कारण या खेपेस कुंपणाची जागा सौंदर्याने घेतलेली असते.

१९४६ मध्ये प्रश्न समोरासमोर आला. बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या आणि त्यापूर्वीही दाटीवाटीने राहणाऱ्या लंडनकरांसाठी नव्या नगरांचा कायदा झाला, आणि ११ नोव्हेंबर १९४६ रोजी स्टीव्हनेज हे त्यातील पहिले नगर म्हणून घोषित झाले. सहा हजारांच्या वस्तीच्या जागी साठ हजारांची योजना होती. मंत्री लुईस सिल्किन सभेला आले तेव्हा त्यांच्या मोटारीच्या चाकांतली हवा सोडण्यात आली. स्टेशनवर ‘सिल्किनग्राड’ अशी पाटी लागली. फॉर्स्टरने त्या वर्षीच्या एका नभोवाणी-भाषणात आपली कोंडी प्रामाणिकपणे मांडली: लोकांना घरे हवीत हे त्याला मान्य होते, पण आपल्या बालपणीच्या मुलखाचा नाश भरून निघणारा आहे असे त्याला मानता येईना. हे भाषण केवळ स्मरणरंजन म्हणून निकालात काढणे सोपे आहे, आणि डावी समीक्षा ते करते. मला ते योग्य वाटत नाही. त्या शेतांवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्यांचाही तो नाश होता. परंतु येणारे होते ते लेनर्ड बास्टचेच भाईबंद, आणि या वेळी ते एका रात्रीसाठी येत नव्हते. कादंबरीत ज्याला वारस केले, त्याला शेजारी म्हणून स्वीकारणे कादंबरीकाराला जड गेले. योगायोगाची बाब अशी, की त्याच वर्षी ॲबिंजरच्या घराचा पट्टा संपून त्याला स्वतःलाही बाहेर पडावे लागले. उर्वरित आयुष्य त्याने केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात काढले.

समाजशास्त्रज्ञ रे पाल यांनी १९६५ मध्ये हर्टफर्डशरमधील महानगरी काठाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आगगाडीने लंडनला जाऊन-येऊन नोकरी करणारा मध्यमवर्ग आपल्यासोबत ‘मनातले खेडे’ घेऊन येतो, ही त्यांची कल्पना प्रसिद्ध आहे. हे मनातले खेडे घडवण्यात इंग्रजी कादंबरीचा हात किती, हा प्रश्न मात्र समाजशास्त्राने साहित्यसमीक्षेवर सोडून दिलेला दिसतो. रेमंड विल्यम्स यांनी १९७३ च्या ‘द कंट्री अँड द सिटी’मध्ये खेडे आणि शहर यांचे नाते वसाहतींपर्यंत नेऊन पाहिले, आणि तेथून आपल्याला पुढे जाता येते.

आपल्याकडे फॉर्स्टर परिचित असतो तो मुख्यतः भारतावरच्या कादंबरीमुळे. इंग्लंडमध्ये राईचा आणि घरांचा फॉर्स्टर वेगळा काढला जातो. ही विभागणी टिकत नाही. १९२१ मध्ये तो देवास थोरली पाती या मराठा संस्थानात तुकोजीराव पवार तिसरे यांचा खासगी चिटणीस होता. तेथल्या गोकुळाष्टमीच्या उत्सवातून कादंबरीचा ‘टेंपल’ हा शेवटचा भाग आकाराला आला. त्यात दख्खनी ब्राह्मण गोडबोले आहेत, आणि गायकवृंदाच्या मुखी तुकारामाचे नाव आहे. मराठी वाचकाला येथे अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहायला हवी. देहूच्या वाण्याचे नाव माळव्यातील दरबारातून इंग्रजी कादंबरीत गेले, ती कादंबरी न्यूयॉर्कमध्ये विकली गेली, आणि त्या पैशाने सरेमधली थोडी झाडे एका गृहस्थाच्या मालकीची झाली. कर्जाच्या खतांचे कागद इंद्रायणीत सोडून देणारा कवी आणि ब्लॅकबेरी तोडणाऱ्यांवर मनातल्या मनात चिडणारा राईमालक एकाच व्यवहाराच्या दोन टोकांना उभे आहेत. फॉर्स्टरला या व्यवहारातली अडचण कळली होती, म्हणून तर ‘माय वुड’ लिहिला गेला. पण तो निबंध मालकाच्या मनापाशी थांबतो, पैशाच्या वाटेने मागे जात नाही. पायनी कॉप्स पुढे त्याने नॅशनल ट्रस्टला देऊन टाकली. स्टीव्हनेजच्या उत्तरेस उरलेल्या शेतांना आता त्याच्या नावाने ‘फॉर्स्टर कंट्री’ म्हणतात, आणि तेथे घरे बांधावीत की नाहीत यावरून एकविसाव्या शतकातही वाद झाले.